गर्भातले हिमोग्लोबिन परत येते तेव्हा

गेल्या खेपेस या मालेत मी रक्तावर बोललो, तेव्हा व्याख्यान आटोपून खाली उतरताना एका गृहस्थांनी मला अडवले. मूळचे भंडाऱ्याकडचे, नोकरीनिमित्त इकडे आलेले. हातात प्रयोगशाळेचा एक कागद होता, घड्या घालून घालून कोपरे झिजलेला. ‘डॉक्टरसाहेब, माझी मुलगी नववीत आहे, आणि या कागदावर लिहिले आहे की हिच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन शेकडा २२ आहे. गर्भातले म्हणजे पोटातल्या बाळाचे ना? मग हिचे रक्त वाढलेच नाही की काय?’ त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण माझ्या तोंडाकडे एकटक पाहात होत्या. मंडपाच्या दारात पाच मिनिटांत देता येईल तेवढे उत्तर मी दिले. ते अपुरे होते. ते आज सवडीने पुरे करतो, कारण हा प्रश्न त्या एका घरापुरता नाही.

आपल्या हाडांच्या पोकळीत मगज असतो. मटण खाणाऱ्यांना नळीचा परिचय आहेच. इतरांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा. हा मगज हा रक्ताचा कारखाना. तेथे थोड्या संख्येने मूळपेशी वस्ती करून असतात. मूळपेशीचे वैशिष्ट्य असे की ती स्वतः शिल्लक राहते आणि तिची संतती निरनिराळ्या धंद्यांना लागते: काही तांबड्या पेशी होतात, काही पांढऱ्या, काही रक्त गोठवणाऱ्या बिंबिका. निरोगी मनुष्याच्या मगजात दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या तांबड्या पेशी तयार होतात, आणि एकेका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू भरलेले असतात. फुप्फुसात प्राणवायू उचलायचा आणि शरीरभर वाटायचा, एवढेच या रेणूचे काम.

हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा बनलेला असतो. दोन साखळ्या अल्फा नावाच्या, उरलेल्या दोन दुसऱ्या घराण्यातल्या. तुमच्या-माझ्या रक्तात त्या दुसऱ्या दोन बहुतांशी बीटा असतात. गर्भाच्या रक्तात मात्र त्यांच्या जागी गॅमा असतात. बीटा आणि गॅमा या सख्ख्या बहिणीच म्हणा; प्रत्येकीत १४६ दुवे, आणि त्यांपैकी ३९ ठिकाणी फरक. पण त्या फरकाला कारण आहे. गर्भाला स्वतःच्या फुप्फुसाने श्वास घेता येत नाही. वारेपाशी आईचे रक्त येते, तिथून त्याला प्राणवायू मिळवायचा असतो. आईचे आणि बाळाचे हिमोग्लोबिन सारख्याच ओढीचे असते, तर आईकडून प्राणवायू सुटून बाळाकडे जाणे कठीण झाले असते. तांबड्या पेशीत डीपीजी नावाचे एक द्रव्य असते, ते हिमोग्लोबिनची प्राणवायूवरची पकड सैल करते. बीटा साखळीला ते घट्ट चिकटते, गॅमाला तितके चिकटत नाही. म्हणून गर्भाच्या हिमोग्लोबिनची पकड अधिक पक्की राहते, आणि आईच्या रक्तातून प्राणवायू बाळाकडे वळतो.

जन्माच्या वेळी बाळाच्या हिमोग्लोबिनपैकी शेकडा ६० ते ८० या गर्भ-हिमोग्लोबिनचे असते. कागदावर त्याला हिमोग्लोबिन एफ म्हणतात. मग ते उतरू लागते. सहा महिन्यांत थोडे उरते, आणि मोठ्या माणसात शेकडा एकाहूनही कमी. दुधाचे दात पडून कायमचे यावेत तसा हा प्रकार दिसतो. पण उपमा इथे लंगडी पडते. पडलेला दुधाचा दात पुन्हा येत नाही. गॅमाचे जनुक मात्र कुठे जात नाही. अकराव्या गुणसूत्रावर ही जनुके एका ओळीत बसलेली असतात, आणि ज्या क्रमाने आयुष्यात त्यांची पाळी येते त्याच क्रमाने: आधी अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतले, मग गॅमाची दोन, आणि शेवटी मोठेपणीची. मोठेपणी गॅमाच्या खोलीला फक्त कुलूप लागते. आणि कुलूप म्हटले की ते उघडण्याची शक्यता आलीच.

हे हिमोग्लोबिन वेगळे आहे हे फार पूर्वी लक्षात आले होते. १८६६ साली क्योर्बर नावाच्या अभ्यासकाने दाखवले की वारेतल्या रक्ताचा रंग क्षाराने सहजासहजी बिघडत नाही. मोठ्या माणसाच्या रक्ताचा लगेच बिघडतो. या साध्या निरीक्षणाला उपयोगी पडायला जवळजवळ पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लागला. १९५१ साली अमेरिकेत सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षाराचीच युक्ती वापरून एफ मोजण्याची सोपी रीत बसवली आणि निरनिराळ्या रक्तविकारांच्या रुग्णांवर ती चालवून पाहिली. १९५७ मध्ये क्लाइहाउअर यांनी त्याहून सुबक गोष्ट केली. काचेवर रक्त पसरून ते आम्लात बुडवले की साध्या पेशींतले हिमोग्लोबिन धुऊन जाते आणि त्या पोकळ सावलीसारख्या दिसतात. एफ असलेल्या पेशी तेवढ्या लाल राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे दृश्य पहिल्यांदा पाहिले तो दिवस मला आठवतो. एका मोठ्या माणसाच्या रक्तात, शेकडो फिकट सावल्यांमध्ये, चार-दोन पेशी पेटलेल्या दिव्यासारख्या होत्या.

आता मूळ मुद्दा. मोठ्या वयात एफ परत कधी येते? ज्या विकारांत मगजातल्या मूळपेशींवरच संकट येते, त्यांत ते वारंवार दिसते. मूळपेशी आटून मगज रिकामा पडण्याचा एक रोग आहे, अप्लास्टिक अॅनिमिया. त्यातून मगज सावरू लागला की एफ वाढलेले आढळते. फॅन्कोनी यांनी १९२७ साली वर्णिलेला आनुवंशिक विकार, ज्यात मुलाचा मगज काही वर्षांत थकत जातो, त्यातही एफ चढते; कधी कधी मगजाने हात टेकण्याच्या आधीच. तांबड्या पेशी तेवढ्या बनत नाहीत असा डायमंड-ब्लॅकफॅन विकार आहे, तिथेही तेच. आणि दुसऱ्याच्या मूळपेशी बसवल्यानंतर, नव्या वस्तीचा जम बसेपर्यंत, काही काळ एफ वर असते आणि मग खाली येते.

या सगळ्यांत समान धागा कोणता? मगज घाईत आहे, हा. मूळपेशीपासून पूर्ण वाढलेली तांबडी पेशी होईपर्यंत मधे अनेक पिढ्या जातात. विद्वानांचे बहुमत असे की या वंशावळीतल्या सुरुवातीच्या पिढ्यांमध्ये गॅमाचे कुलूप अजून पुरते लागलेले नसते. एरवी पुढच्या पिढ्या सावकाश घडत जातात आणि तोवर ते लागते. पण रक्ताची टंचाई पडली की मगज मधल्या पायऱ्या गाळतो आणि कोवळ्या पेशींनाच कामाला लावतो. त्या आपल्याबरोबर थोडे गॅमा घेऊन येतात. बबून माकडांमध्ये मुद्दाम रक्तक्षय घडवला तर त्यांचे एफ चढते, हे प्रयोगाने दिसले आहे. हंगामात माणसे कमी पडली की शाळेतली पोरेही शेतावर दिसतात, त्यातला हा प्रकार.

परंतु एक विकार या चौकटीत बसत नाही, आणि तो भयंकर आहे. लहान मुलांना, बहुधा चार वर्षांच्या आतल्या, होणारा रक्ताचा एक विरळा कर्करोग आहे. त्यात मूळपेशीच बिघडते, मोनोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशी माजतात, पानथरी वाढून पोट फुगते. डॉक्टर त्याला जेएमएमएल म्हणतात. यातल्या पुष्कळ मुलांत एफ चढलेले असते, आणि कधी कधी ते निम्म्याच्याही वर जाते. येथे नुसती घाई नसते. या पेशींची इतर लक्षणेही गर्भाच्या पेशींसारखी होतात: मोठेपणीचे ए-दोन हिमोग्लोबिन कमी पडते, पेशीच्या पृष्ठावरच्या खुणा बाळाच्या राहतात. जणू सगळा कारखानाच मागच्या काळात गेला. वयाच्या मानाने एफ वाढलेले असणे ही या रोगाची एक खूण मानतात. ‘वयाच्या मानाने’ हे शब्द विसरता कामा नयेत. तीन महिन्यांच्या बाळात एफ पुष्कळ असणे हे निसर्गानुसारच आहे, आणि तेवढ्यावरून घाबरून गेलेली माणसे मी पाहिली आहेत.

तेव्हा एकच आकडा, पण कुठे तो मगज सावरत असल्याची खूण, कुठे मगज थकत चालल्याची, कुठे घातक रोगाची. आकडा हा साक्षीदार असतो. त्याची साक्ष प्रकरण पाहून वाचावी लागते.

थॅलसेमियात तर आणखी एक फसगत होते. या आजारात बीटा साखळी पुरेशी बनत नाही. जोडीदाराविना पडून राहिलेल्या अल्फा साखळ्या पेशीत गोळा होतात आणि पेशी मगजातच मरते. ज्या पेशींत नशिबाने थोडे गॅमा असते, तिथे अल्फाला जोडी मिळते आणि ती पेशी वाचते. परिणामी उरलेल्या रक्तात एफचे प्रमाण शेकडा ९० देखील भरते. एका बापाने मला विचारले होते, ‘नव्वद टक्के आहे, मग पोराला दर तीन आठवड्यांनी रक्त कशाला द्यायचे?’ हिशेब सोपा आहे. मुलाचे एकूण हिमोग्लोबिन जर चार ग्रॅम असेल, तर त्याचे शेकडा ९० म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या थोडे वर. पाहिजेत बारा. शेकडेवारी भरली तरी कोठार रिकामेच.

आता भंडाऱ्याच्या त्या मुलीकडे वळतो. तिला सिकलसेल आहे. विदर्भात हा शब्द आता घरगुती झाला आहे. १९१० साली शिकागोच्या हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचे पहिले वर्णन केले. १९४९ मध्ये पॉलिंग यांनी दाखवून दिले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, आणि पुढे इंग्रॅम यांनी तो नेमका शोधला: बीटा साखळीच्या सहाव्या दुव्यात एक अमिनो आम्ल बदललेले, बस्स. प्राणवायू सोडला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात, पेशी ताठरते, वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग हाडांत, पोटात, छातीत असह्य कळा. आपल्या देशात १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींत हा गुण प्रथम नोंदला गेला, आणि १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील नोंद प्रसिद्ध केली. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, पलीकडे नंदुरबार, हा आज आपल्याकडचा त्याचा मुलूख.

या रोगात एफ हा मित्र आहे, हे पहिल्यांदा एका स्त्री-डॉक्टरच्या ध्यानात आले. ब्रुकलिनच्या जॅनेट वॉटसन यांनी १९४८ साली नोंदले की सिकलसेल घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांच्या पेशी फारशा विळ्यासारख्या होत नाहीत. गर्भाचे हिमोग्लोबिन त्यांना वाचवत असावे. ते उतरले की दुखणे सुरू होते. म्हणून पहिले चार-सहा महिने बाळ अगदी गुटगुटीत असते आणि आईला शंकाही येत नाही. कारण पुढे कळले: गॅमा असलेला रेणू त्या दोऱ्यात ओवलाच जात नाही. माळेत मधेच छिद्र नसलेला मणी आला तर ओवणे थांबते, तसे. काही माणसांत गॅमाचे कुलूप जन्मभर लागतच नाही, अशी नोंद १९५५ मध्ये आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमधून, म्हणजे आजच्या घानातून, आली. ही माणसे धडधाकट असतात. एफ जन्मभर बाळगण्यात स्वतंत्र तोटा नाही, हे त्यांच्यामुळे समजले.

भारतातल्या सिकलसेलच्या रुग्णांत एफ साधारणपणे आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा बरेच जास्त असते. १९८६ मध्ये ओडिशातील रुग्णांची जमैकाच्या रुग्णांशी तुलना झाली तेव्हा हा फरक स्पष्ट दिसला. त्यावरून आपल्याकडे एक समजूत रूढ झाली, की आपला सिकलसेल सौम्य. नागपूरच्या रुग्णालयांतला अनुभव या समजुतीला पाठिंबा देत नाही. एफ शेकडा वीस असलेली मुलेही कळांनी तळमळत दाखल होतात. त्याचे एक कारण असे की २२ ही सरासरी आहे. शंभर पानांच्या पंगतीत तूप २२ वाट्या. ते प्रत्येक पानावर थोडे थोडे वाढले, की पहिल्या काही पानांवर ओतून बाकीची कोरडी ठेवली, हे कोठीघरातल्या हिशेबावरून कळत नाही. ज्या पेशीला एफ मिळाले ती वाचली. जिला मिळाले नाही ती विळा होणार.

मग कुलूप आपणच का उघडू नये? १९८२ साली अमेरिकेत अझासायटिडीन हे कर्करोगाचे औषध दिले असता एफ वाढते असे दिसले. ते औषध जनुकांवरची रासायनिक मोहोर पुसते, म्हणून गॅमा उघडते, अशी उपपत्ती मांडली गेली. मौज अशी की पुढे हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने, जे अशी मोहोर पुसत नाही, त्यानेही एफ वाढवले. मगजाला थोडा ताण देऊन ते घाईस लावत असावे, म्हणजे निसर्गातली युक्तीच मोजून-मापून वापरत असावे, असे अनेकांचे मत. औषध चालते याविषयी वाद नाही. कसे चालते याविषयी अजून आहे. १९९५ साली अमेरिकेतील २९९ प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीत या औषधाने कळांच्या झटक्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आणली. नागपूरच्या डॉक्टरांनी २०१२ साली दाखवले की दर किलो वजनास रोज १० मिलिग्रॅम अशी थोडकी, ठरीव मात्राही आपल्याकडच्या मुलांना उपयोगी पडते. औषध फार महाग नाही. मात्र ते रोज घ्यावे लागते, पेशींची मोजदाद वेळोवेळी करावी लागते, आणि मूल होऊ द्यायचे असेल तेव्हा डॉक्टरांना आधी सांगावे लागते. दुखणे थांबले म्हणून गोळी थांबवणारे रुग्ण पुष्कळ. त्यांना दोष देववत नाही. रुग्णालय चाळीस किलोमीटरवर असले आणि दिवसाची मजुरी बुडत असली, तर ‘नियमित’ हा शब्द बोलायला सोपा असतो.

कुलपाची किल्ली कोणाच्या हाती, हे २००७-०८ च्या सुमारास उमगले. सार्डिनिया बेटावरच्या आणि युरोपातल्या इतर लोकांच्या जनुकांची पाहणी करता करता बीसीएल-अकरा-ए नावाच्या जनुकावर बोट ठेवले गेले, आणि बोस्टनच्या ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेने सिद्ध केले की गॅमा बंद ठेवणारा पहारेकरी हाच. पण या पहारेकऱ्याला शरीरात इतरत्रही कामे आहेत; त्याला सरसकट घालवता येत नाही. सुदैवाने तांबड्या पेशींच्या वंशापुरते त्याला चालू करणारे एक वेगळे बटन सापडले. रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढायच्या, क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या कात्रीने ते बटन तोडायचे, मगज औषधाने रिकामा करायचा आणि सुधारलेल्या पेशी परत सोडायच्या. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली. पुरेसा काळ तपासलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जण सलग वर्षभर तीव्र झटक्यांपासून मुक्त राहिले. ही मोठीच गोष्ट आहे. पण मगज रिकामा करणारे औषध जहाल असते, त्याने पुढे अपत्य होण्याची शक्यता जाऊ शकते. आणि अमेरिकेत जाहीर झालेली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने १८ कोटी रुपयांच्या वर. गडचिरोलीच्या पाड्यावर आजतरी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी वेळेवर पोहोचणे हाच खरा प्रश्न आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट.

त्या गृहस्थांना मी मंडपाच्या दारात इतकेच सांगितले होते: मुलीचे रक्त मागे राहिलेले नाही, ते जे २२ आहे ते तिच्या बाजूने लढते आहे, पण ते एकटे पुरेल असे धरून गोळी सोडू नका. मग मी विचारले, घरात आणखी कोण? म्हणाले, धाकटा मुलगा चौथीत, पण त्याला काही होत नाही, तपासलेला नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असल्याशिवाय सहसा असे मूल होत नाही, आणि मग प्रत्येक मुलाच्या वाट्याला चारात एक अशी जोखीम असते. ‘पहिलीला झाला म्हणजे दुसरा सुटला’ असा हा हिशेब नाही. पुढच्या आठवड्यात ते मुलाला घेऊन आले. कागदावर एस शेकडा ३८, एफ एकाच्या आत. म्हणजे मुलगा निरोगी, केवळ वाहक. लग्नाच्या वेळी समोरच्या पक्षाची तपासणी मागायची, एवढे लक्षात ठेवायचे. आईने कागद माझ्या हातून घेतला, एफच्या रकान्यावर बोट ठेवले आणि विचारले, ‘याचे मोठे झाले ना रक्त?’ झाले, मी म्हटले. मग तिने दुसऱ्या पिशवीतून मुलीच्या गोळ्यांचे पाकीट काढले आणि जेवणाआधी द्यायची की नंतर, ते विचारले.